चाखल्याशिवाय भाव मागू नका



आजची नोंद खताची नाही, फवारणीचीही नाही. आज जिभेबद्दल लिहितोय. आणि थोडं भांडायचं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

परवा शिवारफेरीत विषय निघाला की आमचा गट महिन्यातून एकदा बसून वेगवेगळ्या मुलखांच्या कॉफ्या चाखतो. त्यावर एक जण म्हणाला, "शेतकऱ्यानं माल पिकवावा. चव बघायला शहरात रिकामी माणसं भरपूर आहेत." सोबत आलेल्या एका कृषी पदवीधरानेही मान डोलावली आणि म्हणाला, "आधी एकरी उतारा वाढवा, चवीचं नंतर बघू."

या दोन्ही वाक्यांशी माझं भांडण आहे. ही दोन वाक्यं आपण गेली कित्येक वर्षं एकमेकांना ऐकवतोय आणि दर वर्षी काट्यावर माल घातला की भाव सांगणारा समोरचाच असतो.

चव बघितली जातेच, फक्त आपण बघत नाही

कॉफी विकायची पद्धत बघा. पार्चमेंट असो, म्हणजे गर काढून, धुऊन, वरच्या पातळ टरफलासकट वाळवलेला दाणा, किंवा फळासकट वाळवलेली चेरी असो. व्यापारी काय बघतो? मॉइश्चर मीटर लावतो. ५० किलोच्या पोत्यातून साफ दाणा किती निघेल त्याचा अंदाज घेतो, त्याला आउटटर्न म्हणतात. दाण्याचा आकार, काळे दाणे, किडके दाणे बघतो. न्यूयॉर्कचा अरेबिकाचा आणि लंडनचा रोबस्टाचा आकडा मोबाईलवर बघतो आणि भाव सांगतो. ह्या सगळ्यात कप कुठेच नाही.

तुम्ही म्हणाल, म्हणजे चवीला किंमत नाहीच. इथेच फसतो आपण. तोच माल पुढे गेला की चांगल्या खरेदीदाराच्या टेबलावर पहिल्यांदा काय होतं? भाजतात, दळतात, गरम पाणी ओततात आणि चमच्याने सुर्र करून ओढतात. त्याला कपिंग म्हणतात. गेली वीसेक वर्षं जगभर १०० गुणांची एक पत्रिका चालत आली. वास, चव, मागे राहणारी चव, आंबटपणा, तोंडातला भरीवपणा, समतोल, गोडी, कपाचा स्वच्छपणा, सगळे कप सारखे आहेत का आणि एकूण मत, अशा दहा रकान्यांत मार्क. ८० आणि वर मिळाले तर ती स्पेशालिटी कॉफी. आता ती पत्रिका बदलतेय. कॉफी कशी आहे ते एका जागी आणि ती किती आवडली ते दुसऱ्या जागी लिहायचं, अशी नवी पद्धत येतेय. पण मुद्दा तोच. चव बघितली जाते, तिचा आकडा लिहिला जातो, त्या आकड्यावर पैसे ठरतात. फक्त त्या टेबलाभोवती आपण नसतो.

म्हणजे आपल्या मालाचा निकाल लागतो आणि आपल्याला मार्कलिस्ट दाखवत नाहीत. असं आपल्या पोराच्या शाळेनं केलं तर आपण गप्प बसू का?

पाकिटावरची कविता

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावतो, नाहीतर शहरवाले खूश होतील.

भारी कॉफीच्या पाकिटावर लिहिलेलं असतं: अमुक डोंगराच्या मातीचा सुगंध, तमुक खोऱ्यातल्या धुक्याची चव. वाचायला बरं वाटतं. पण वेगवेगळ्या मुलखांची कॉफी एका रांगेत ठेवून चाखली की कळतं, त्या कवितेत माती आहे, धुकं आहे, फक्त काम करणारा माणूस गाळलेला आहे. एकेक कप घेऊ.

इथिओपिया, यिर्गाचेफे. धुतलेली कॉफी असेल तर मोगऱ्या-जाईसारखा वास, लिंबाच्या सालीसारखी चव, चहासारखी हलकी. का? कॉफीचं झाड मूळ तिथलं. तिथे एका वाडीतली झाडंसुद्धा एकसारखी नाहीत, देशी प्रकारांचा खजिना आहे. उंची जास्त, रात्री थंड, त्यामुळे फळ हळू पिकतं आणि दाणा घट्ट भरतो. आता त्याच देशातली कॉफी फळासकट वाळवली की ती लिंबाची चव मागे पडते आणि पिकलेल्या जांभळा-बोरांसारखी, थोडी दारूकडे झुकणारी चव येते. देश तोच, झाडं त्याच जातीची. फरक कुठे पडला? खळ्यावर.

केनिया. तोंडात टाकली की रसरशीत आंबटगोड. गोरे लोक त्याला ब्लॅककरंट म्हणतात. तिथली नावाजलेली जात एसएल-२८. १९३० च्या दशकात स्कॉट लॅबोरेटरीज या सरकारी संशोधन केंद्रात निवडलेली, तीही दुष्काळ सोसते म्हणून. शिवाय तिथे आंबवणं, धुणं, पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवणं हे काम काटेकोर. आणि पाकिटावर ‘एए’ असतं ना, तो चवीचा दर्जा नव्हे, दाण्याचा आकार आहे. हे माहीत नसलेले लोक एए बघून पैसे देतात.

सुमात्रा. जड, मातकट, ओल्या लाकडासारखी, मसाल्यासारखी. सगळे म्हणतात, ज्वालामुखीच्या मातीचा गुण. पण तिथे पाऊस आणि दमट हवा इतकी की माल पूर्ण वाळतच नाही. म्हणून ३० टक्क्यांच्या आसपास ओल असतानाच टरफल काढतात आणि उघडा दाणा पुढे वाळवतात. त्याला गिलिंग बसाह म्हणतात. ती मातकट चव मुख्यतः ह्या पद्धतीची आहे. हवेच्या अडचणीतून निघालेला मार्ग, त्याचाच पुढे ब्रँड झाला.

ब्राझील. शेंगदाणा, चॉकलेट, आंबटपणा कमी. उंची तुलनेने कमी आणि बराच माल फळासकट उन्हात वाळवलेला.

आणि आपल्या अरबी समुद्राच्या काठचं उदाहरण घ्या, मॉन्सून्ड मलबार. जुन्या काळी शिडाच्या जहाजातून कॉफी युरोपला जायला महिनोन्महिने लागायचे. समुद्राच्या दमट हवेने दाणा फुगायचा, फिका पडायचा, आंबटपणा जायचा. तिकडच्या लोकांना तीच चव आवडली. पुढे आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझ कालवा झाला, प्रवास आटोपशीर झाला आणि ती चव गेली. मग काय केलं? मंगळूरकडच्या किनाऱ्यावर गोदामं उघडी ठेवून, जून ते सप्टेंबर पावसाळी वारं दाण्याला खेळवून, पाळी घालून, पोती फिरवून तीच चव मुद्दाम तयार केली. जो वारा कोकणात आपल्या मिठाला पाणी सोडायला लावतो, त्याच वाऱ्याचे हे लोक पैसे करतात.

आता सांगा, ह्यात नुसती माती कुठे आहे? जात आहे, उंची आहे, रात्रीची थंडी आहे, आणि त्याच्यावर तोडणी, आंबवणं, वाळवणं, साठवणं आहे. उंची आपल्या हातात नाही. पण उरलेलं बरंचसं आपल्याच हातात आहे. मुलखाचं नाव म्हणजे फक्त पत्ता. चव कामातून येते. म्हणून पाकिटावर मुलुख छापून माणूस गाळणं ही मला लबाडी वाटते.

नाव मिळालं म्हणून चव मिळत नाही

२०१९ मध्ये आपल्या देशातल्या पाच कॉफ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं: कूर्ग अरेबिका, वायनाड रोबस्टा, चिकमगळूर अरेबिका, अरकू व्हॅली अरेबिका आणि बाबाबुदनगिरी अरेबिका. चांगलं झालं. पण मानांकनाचं काय होतं ते आपल्याला हापूसवरून कळायला हवं. बाजारात ‘हापूस’ लिहिलेली पेटी घेणारा माणूस हापूस ओळखत नसेल तर पेटीत काहीही खपतं. आणि ओळखत असेल तर नुसत्या वासावर दुकानदाराला दोन शब्द सुनावतो. कोकणातल्या बागायतदाराची खरी राखण कागदापेक्षा त्या नाकाने जास्त केलीय.

कॉफीत आपल्याकडे ते नाक नाही. आपल्याकडे ज्याला कॉफी म्हणतात ती एकतर झटपट पावडर, नाहीतर चिकोरी घातलेली. चिकोरी वाईट नाही, फिल्टर कॉफीची ती सवय आहे, मलाही आवडते. पण पाकिटात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी कायद्याने चालते. वर दूध, साखर. त्यात शेतकऱ्याने पिकलेलंच फळ तोडलं की हिरवं ओरबाडलं, हे ब्रह्मदेवाला कळणार नाही. इथिओपियात पिकलेल्या कॉफीपैकी जवळपास निम्मी तिथलेच लोक पितात, घरोघरी भाजून, पाहुण्यासमोर. तिथल्या बाईमाणसाला चांगला दाणा कोणता हे कुणी शिकवावं लागत नाही. आपण पिकवतो आणि बहुतेक माल बाहेर पाठवतो. आपलं पीक आपल्याच तोंडाला परकं.

जीभ म्हणजे शेतीचं अवजार

आता कृषी पदवीधर मित्रांसाठी हा भाग नीट लिहितो, कारण ‘चव’ म्हटलं की त्यांना ते शौकाचं काम वाटतं. उलट, माझ्या मते शेतात काय चुकलं ते सांगणारं एवढं स्वस्त यंत्र दुसरं नाही.

कपात शेंगदाण्याच्या टरफलासारखी, कागदासारखी, कोरडी तुरट चव आली आणि भाजलेल्या दाण्यांत काही फिकेच राहिले, तर ती कच्ची तोडणी. हिरव्या फळात गोडी भरलेली नसते, त्यामुळे तो दाणा नीट रंगतच नाही. मजुराला किलोवर पैसे दिले आणि वर कुणी बघितलं नाही की हे होतं.

व्हिनेगरसारखा किंवा सडक्या कांद्यासारखा वास आला, तर आंबवण जास्त झालं, किंवा फळं तोडून रात्रभर पोत्यात गरम होत पडली, किंवा पल्पर नीट धुतला नाही आणि कालचे दाणे आजच्या मालात आले. असा एखादा दाणासुद्धा कप घालवतो.

कोंदट, बंद खोलीसारखा वास आला, तर थर जाड घातला, हलवला नाही, किंवा रात्री दव पडू दिलं. मातीचा वास आला, तर उघड्या जमिनीवर वाळवलं. गोणपाटाचा, डिझेलचा, खताचा वास आला, तर साठवण चुकली. कॉफीचा दाणा वास ओढून घेतो, ट्रॅक्टरच्या शेडमध्ये पोती ठेवू नका हे त्यासाठीच.

पाच कपांत एक वेगळा लागला, तर अख्खा माल वाईट नाही. कुठेतरी एका दिवसाचा वाईट माल चांगल्यात मिसळलाय.

सांगा, माती परीक्षणाच्या कागदावर ह्यातलं काय कळतं? पान-देठ परीक्षणात कळतं? नाही. ती परीक्षणं हवीतच, पण ती तोडणीच्या आधीच्या गोष्टी सांगतात. तोडणीनंतर जे घडतं किंवा बिघडतं ते जीभच सांगते. नाशिकचा द्राक्षवाला रिफ्रॅक्टोमीटर खिशात घालून फिरतो, ब्रिक्स बघितल्याशिवाय कात्री लावत नाही. त्याला कुणी शौकीन म्हणतं का? कॉफीच्या फळालाही तोच रिफ्रॅक्टोमीटर चालतो. फळाची गोडी तो सांगेल, कपाची मात्र तुम्हालाच बघावी लागेल.

पनामाची गोष्ट

ज्यांना अजून पटलं नाही त्यांनी ही खरी घडलेली गोष्ट वाचा.

पनामात बोकेते भागात एका पीटरसन कुटुंबाची कॉफीची शेती आहे, एस्मेराल्डा. त्यांच्या बागेत उंचावर गेशा नावाच्या जातीची झाडं होती. मूळ इथिओपियातून १९३० च्या दशकात गोळा केलेली, फिरत फिरत मध्य अमेरिकेत आलेली, तांबेऱ्याला बरी म्हणून लावलेली. उतारा कमी. त्यांचा माल बाकी मालात मिसळून जायचा. मग ह्या शेतकऱ्यांनी काय केलं? बागेतल्या प्रत्येक तुकड्याचा माल वेगळा ठेवला आणि वेगळा चाखला. त्या एका तुकड्याचा कप बाकी सगळ्यांपासून वेगळा निघाला, फुलांच्या वासाचा. २००४ च्या ‘बेस्ट ऑफ पनामा’ स्पर्धेत तो वेगळा पाठवला. पहिला आला आणि लिलावात पौंडाला २१ डॉलर मिळाले. तेव्हा बाजारात साधारण अरेबिका एका डॉलरच्या आत होती.

त्या वर्षी त्यांनी नवीन खत घातलं नव्हतं. झाडं आधीचीच, डोंगर आधीचाच. माल वेगळा ठेवला आणि तोंडात घातला, एवढंच नवीन. आधी कित्येक वर्षं तीच चव पोत्यात मिसळून सामान्य भावाने जात होती.

आपल्याकडे किती पोत्यांत काय काय मिसळून जातंय, कोण सांगणार? ह्यावर कुणी म्हणेल, असं सगळ्यांचं नशीब नसतं. बरोबर, प्रत्येकाच्या बागेत गेशा निघणार नाही. पण प्रत्येकाच्या बागेत एक तुकडा दुसऱ्यापेक्षा बरा असतो आणि एका आठवड्याची तोडणी दुसऱ्या आठवड्यापेक्षा बरी असते. तो फरक माहीत असणं आणि नसणं ह्यातच सौदा आहे.

साहेब, उताऱ्याबरोबर कपही दाखवा

उताऱ्याला मी नावं ठेवत नाही. उतारा नसेल तर घर चालत नाही. पण ‘आधी उतारा, मग चव’ हा क्रम धोक्याचा आहे, कारण झाड लावलं की ते पंचवीस-तीस वर्षांचा करार असतो.

केनियात १९८५ मध्ये रुइरू-११ ही जात दिली. बेरी डिसीज आणि तांबेरा, दोन्हीला टिकणारी. कागदावर उत्तम. पण खरेदीदारांनी कपाबद्दल कुरकुर केली, शेतकरी बिचकले आणि जुनी एसएल-२८ ठेवूनच फवारत राहिले. पुढे २०१० मध्ये बाटियन जात आणली, तेव्हा रोगाबरोबर कपाचाही विचार आधीपासून झाला होता. मधली वर्षं कुणाची गेली?

उलट बाजूही सांगतो. कोलंबियात तांबेऱ्याला टिकणाऱ्या कास्तियो जातीला लोक नावं ठेवायचे, जुनी कतुर्राच चांगली म्हणायचे. नाव झाकून चाखण्याची चाचणी झाली तेव्हा कास्तियो तिच्या तोडीस तोड निघाली. म्हणजे चाखल्याने फक्त दोष बाहेर येतात असं नाही, फुकटचा पूर्वग्रहही मोडतो. संशोधकाला ह्याहून चांगला साथीदार कोणता?

आपल्याकडे सोय नाही असं म्हणू नका. बाळेहोन्नूरचं केंद्रीय कॉफी संशोधन केंद्र १९२५ पासूनचं आहे. एस-७९५ सारखी, कपाला आजही मान असलेली जात आपल्याच लोकांनी दिलीय. कॉफी बोर्डाकडे चव तपासणारा विभाग आहे, ‘कापी शास्त्र’ नावाचं प्रशिक्षण आहे. पण ही सोय बहुतेक बाग आणि कॅफे असलेल्यांपर्यंत पोचते. शेतावरच्या प्रात्यक्षिकात मी खताची पोती बघितली, फवारणीचे पंप बघितले, ड्रोन बघितले. दोन जातींचे दोन कप शेतकऱ्यासमोर ठेवलेले मी आजवर कुठल्याही प्रात्यक्षिकात बघितले नाहीत. पाणी तापवायला किती खर्च येतो?

घाटमाथ्यावर नवी कॉफी लावणाऱ्यांना

हे खास आपल्या लोकांसाठी. महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदऱ्याचं नाव येतं, मेळघाटात ती जुनी आहे. आता सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणातही लोक विचारायला लागलेत. मोबाईलवर व्हिडिओ फिरतात, "एकदा लावा, आयुष्यभर कमवा." व्हिडिओच्या शेवटी रोपवाटिकेचा नंबर असतो. रोप विकणाऱ्याला रोप विकायचंय, तो त्याचा धंदा आहे, त्यात गैर नाही. पण त्याला एक प्रश्न विचारा: "ह्या रोपाची कॉफी तुम्ही प्यायलात का? आमच्या उंचीवर पिकलेली दाखवा, मी पितो." उत्तर मिळालं नाही तर पाकीट खिशात ठेवा.

अरेबिका साधारण हजार मीटरच्या वर खुलते. खाली लावली की रोप जगेल, पण पांढऱ्या खोडकिडीचा आणि तांबेऱ्याचा त्रास वाढतो आणि कप सपक होतो. कमी उंचीला रोबस्टा बरी. आणि रोबस्टाला हलकं समजू नका. नीट पिकलेली तोडून, धुऊन, सावकाश वाळवलेल्या रोबस्टाला वेगळा मान आहे, आपली ‘कापी रॉयल’ त्यातलीच. पण ती रोबस्टाच्या गुणांवर, भरीवपणावर, कोकोसारख्या चवीवर विका. अरेबिकाचं नाव लावून नको.

लावण्याआधी अशा कॉफ्या मागवून चाखा. पाचशे रुपयांत जे कळेल ते पाच वर्षांनी झाडं उपटताना कळण्यापेक्षा स्वस्त आहे.

"पण पैसे कोण देतो?"

हा खरा प्रश्न आहे, टाळणार नाही.

हिशोब बघा. साधारण सहा किलो पिकल्या फळांतून एक किलो हिरवा दाणा. तो भाजला की आठशे-साडेआठशे ग्रॅम. एका कपाला सोळा ग्रॅम धरले तर पन्नास कप. शहरात कप दोनशे रुपयांना धरला तर दहा हजार रुपये झाले. त्यात जागेचं भाडं, पगार, दूध, मशीन, भाजणाऱ्याचा वाटा आहे, ते फुकट नाही, मान्य. तरी त्या दहा हजारांत एका किलोचे शेतकऱ्याला किती मिळाले ते आपापल्या पावतीवर बघा.

निवडून तोडणी म्हणजे तीन-चार फेऱ्या, मजुरी जास्त. पातळ थर, जास्त जागा, जास्त दिवस. हा खर्च आधी होतो आणि जास्त भाव नंतर मिळतो, कधी मिळतच नाही. म्हणून मी कुणाला सांगत नाही की उद्यापासून सगळी बाग स्पेशालिटी करा. पाच पोती वेगळी काढा. बाकी नेहमीच्या वाटेने जाऊ द्या. त्या पाच पोत्यांची तारीख, तुकडा, किती तास आंबवलं, किती दिवस वाळवलं ते लिहा आणि चाखा. मग खरेदीदाराला नमुना पाठवताना सोबत आपली चवीची नोंदही पाठवा. समोरच्याला कळतं की ह्या माणसाला त्याच्या मालाची किंमत ठाऊक आहे. बोलणं तिथूनच बदलतं.

आणि आत्ता भाव चांगला आहे म्हणून हे पुढे ढकलू नका. २०१९ मध्ये न्यूयॉर्कला अरेबिका पौंडाला एका डॉलरच्या खाली होती, २०२५ च्या सुरुवातीला चारच्या वर गेली. चढत्या बाजारात सगळा माल खपतो. उतरत्या बाजारात ज्याच्याकडे सांगण्यासारखी चव आहे त्याचा फोन आधी वाजतो. ती चव ओळखायला शिकणं मंदीत सुरू करून जमत नाही, त्याला दोन-तीन हंगाम जातात.

अरकूकडे बघा. आंध्रच्या डोंगरातले आदिवासी शेतकरी, छोटे छोटे तुकडे, प्रत्येकाची थोडीशी झाडं. पिकलेलंच फळ घ्यायचं, एका ठिकाणी नीट प्रक्रिया करायची, माल वेगवेगळा चाखायचा, हे त्यांनी सहकारातून केलं आणि २०१७ मध्ये त्यांच्या कॉफीचं दुकान पॅरिसमध्ये उघडलं. मोठी इस्टेट नव्हती त्यांची. आपली सबब कोणती?

आपले शब्द

एक अडचण राहते. चवीचं जे चक्र जगभर वापरतात त्यात ब्लूबेरी, मेपल सिरप. आपल्या लोकांनी ह्यातलं काही खाल्लेलं नाही. मग टेबलावर बसलं की गप्प बसतात आणि वाटतं आपल्याला कळत नाही.

कळतं. आमच्या गटात केनियाचा कप फिरला तेव्हा एक काकू पटकन म्हणाल्या, "अगं बाई, हे तर अर्धंकच्चं करवंद." इतकं अचूक वर्णन मी पाकिटावर वाचलेलं नाही. आपल्याकडे करवंद आहे, जांभूळ आहे, कोकम, आवळा, चिंच, कैरी, काकवी, भाजलेला शेंगदाणा, मोहाचं फूल, ताज्या गुळाची ढेप आहे. आंबटात किती आंबट आपल्याला वेगळे काढता येतात! लिंबाचा वेगळा, ताकाचा वेगळा, चिंचेचा वेगळा. हे शब्द वहीत लिहा. उद्या चक्र आपलंही करता येईल.

कसं सुरू करायचं

एका कपात १५० मिली पाणी आणि सव्वाआठ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी. भाजणी हलकी ते मध्यम, काळी नको. सगळ्या कपांना माप सारखं. आधी कोरडा वास घ्या. पाणी उकळून जरा थांबा, ९३ अंशांच्या आसपास ओता. चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडा, नाक जवळ नेऊन. फेस काढून टाका. कोमट झाल्यावर चमच्याने जोरात ओढा, थुंका किंवा गिळा. गार होईपर्यंत तीन वेळा चाखा, कारण गार झाल्यावर दोष लपत नाहीत. साखर नाही, दूध नाही. कपाखाली चिठ्ठी उलटी ठेवा, म्हणजे नाव बघून कुणी वाहवा करणार नाही. आधी प्रत्येकाने लिहायचं, मग बोलायचं.

पहिल्या बैठकीला तीन कप पुरेत. एक इथिओपियाची, एक चिकमगळूरची आणि एक आपल्या किंवा शेजाऱ्याच्या बागेतली. ज्यांच्याकडे कॉफी नाही त्यांनीही बसा. हीच शिस्त काजूला, हळदीला, गुळाला, तांदळाला लागू आहे.

आणि कृषी पदवीधर मित्रांनो, तुम्ही या. पुढच्या प्रात्यक्षिकाला उताऱ्याचा तक्ता आणा, मी किटली आणि कप घेऊन येतो. दोन्ही एकाच टेबलावर ठेवू.

तोडणी आली की नमुना वेगळा काढा. व्यापाऱ्याच्या आधी आपल्या जिभेने तो बघितलेला असला पाहिजे.

#शेतनोंदी